चिठ्ठी लावायची राहिली

कायद्याच्या कॉलेजातल्या लायब्रेरियनना मुलं चिठ्ठीकाका म्हणत. वरच्या कोर्टाने एखादा जुना निकाल फिरवला, की काका तो निकाल छापलेला खंड कपाटातून काढून नेमक्या पानावर लाल चिठ्ठी डकवत: ‘हा निकाल आता चालत नाही.’ सव्वीस वर्षं दर सोमवारी हेच. चिठ्ठी नाही म्हणजे निकाल शाबूत, हे मुलं डोळे मिटून धरून चालत.

यंदा प्राचार्यांनी लायब्ररीच्या दारावर ‘करिअर मार्गदर्शन कक्ष’ अशी दुसरी पाटी ठोकली आणि तेही लोढणं काकांच्या गळ्यात अडकवलं. मुलांचे अर्ज तपासा, वकिलांना फोन करा, मुलाखती ठरवा. "माणूस एक आणि पाट्या दोन," काकू घरी म्हणायच्या. काका ते हसण्यावारी न्यायचे. सोमवारच्या चिठ्ठ्या मात्र दोन महिने तुंबून राहिल्या.

आज सकाळी दहाला ते तुंबलेलं काम उपसायला बसले आणि तिसऱ्याच निकालाशी त्यांचा हात थांबला. घरमालकाने दारावर नोटीस चिकटवली म्हणजे ती भाडेकरूला मिळाली, असं सांगणारा जुना निकाल वरच्या कोर्टाने सात आठवड्यांपूर्वीच मोडीत काढला होता. त्याच निकालाच्या जिवावर प्रश्नावलीने घरमालकाच्या बाजूने दहा पानांचा लेख लिहिला होता. प्रश्नावली म्हणजे शेवटच्या वर्षाची ती मुलगी, जिला घड्याळात किती वाजले सांगितलं तरी ती ‘कशावरून?’ विचारायची. आणि तो लेख काकांनीच, वर स्वतःची शिफारस जोडून, एका नावाजलेल्या वकीलबाईंकडे पाठवला होता. बाईंना एकच ज्युनियर हवी होती. मुलाखत आजच, दुपारी तीनला, शेजारच्या खोलीत.

काका उठले, बसले, पाणी प्यायले, खंड कपाटात ठेवला, परत काढला. सांगावं तर पोरगी ऐन वेळी हाय खाईल. न सांगावं तर? पण बाई कुठल्या दहा पानं वाचायला बसतात! मोठी माणसं पहिलं पान बघतात आणि शेवटचं, मधलं सगळं वाऱ्यावर. अशी स्वतःची समजूत घालत त्यांनी व्हरांड्यात इतक्या येरझाऱ्या घातल्या की शिपाई म्हणाला, "काका, काही हरवलंय का?"

"नाही," काका म्हणाले आणि पुन्हा वळले.

बाराला प्रश्नावली आली. अंगात थोरल्या बहिणीचा काळा कोट, लांब बाह्या आतून टाचलेल्या.

"काका, काही राहिलं नाही ना? एकदा शेवटचं बघू?"

काकांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. "काही राहिलं नाही," ते म्हणाले. "दोन घास खा आणि शांत बस. आता नवीन काही वाचायचं नाही."

तिने ‘कशावरून?’ विचारलं नाही. नुसती मान डोलावून गेली, आणि काकांना तेच जास्त टोचलं.

वकीलबाईंनी दहाच्या दहा पानं वाचली होती, पेन्सिलीने खुणाही केल्या होत्या. तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांचं बोट सहाव्या पानावर टेकलं.

"हा निकाल अजून टिकून आहे?"

"हो, मॅडम."

"खात्री आहे?"

"आमच्या काकांनी चिठ्ठी लावलेली नाही," प्रश्नावली म्हणाली आणि फाईल धरून दाराशी उभ्या असलेल्या काकांकडे तिने अभिमानाने पाहिलं.

काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मॅडम, तो निकाल गेला," ते म्हणाले. "चिठ्ठी लावायची माझ्याकडून राहिली. चूक माझी आहे, तिची नाही."

"पण वकील ती होणार आहे, तुम्ही नाही," बाई शांतपणे म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या. "बरं, हा निकाल नाही असं धर. आता तुझ्या घरमालकाला कसं वाचवशील?"

तिने सुरुवात केली, अडखळली, दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. पोस्टाने गेलेल्या नोटिशीवरचे जुने निकाल तिला आठवत होते, पण अर्धवट. कुठल्या खटल्यात काय, याची सरमिसळ झाली.

पाचला बाईंचा फोन आला. दुसऱ्या कॉलेजातल्या मुलाला घेतलं होतं. काका प्रश्नावलीपाशी गेले आणि त्यांनी तिला सरळ सांगितलं. ती लायब्ररीच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी कोट काढून घडी घालत होती.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"सकाळी दहाला." आणखी एक खोटं बोलायची ताकद काकांच्यात उरली नव्हती.

"म्हणजे पाच तास होते."

"मला वाटलं, तू घाबरशील."

"घाबरलेच असते, काका," ती म्हणाली. "अर्धा तास रडलेही असते. मग उरलेले साडेचार तास अभ्यास केला असता."