एकसष्ट नंबर

दिल्लीत दोन देशांनी हात मिळवले आणि निरगुडसरच्या गायरानात आमच्या मेंढरांच्या गळ्यात पट्टे आले. मधल्या गोष्टी मोठ्या माणसांना ठाऊक. मला एवढंच ठाऊक, की कागदावर सही माझी आहे, कारण आमच्या घरात बारावी झालेली मी एकटीच. नवरा गोकुळ ट्रकवर असतो, मेंढरं सासू-सासरे आणि मीच सांभाळतो.

करार सुरक्षा, तंत्रज्ञान आणि व्यापाराचा होता. त्याच्या प्रकल्पाचा आमच्या तालुक्यातला माणूस म्हणजे रामनाथ. तो मोबाइलवर चित्रं दाखवून सांगायचा, "वैनी, मित्रदेशाची मशीन हाय. बिबट्या आला की पट्टा कोकलतो. मेंढरू रेघंजवळ गेलं की आधी शिट्टी, मग झटका. म्होरं लोकर बी त्येच घेणार." रेघ जमिनीवर कुठं नव्हती, ती मोबाइलमध्ये होती. आदल्या वर्षी बिबट्यानं आमची नऊ कोकरं नेली होती, म्हणून सासऱ्यांना, राघूमामांना, मीच गळ घातली. दसऱ्याला पट्टे घालायचे, दिवाळीआधी पाहुणे येऊन बघणार, मग पट्टे काढून आम्ही दरसालासारखे माळशेज उतरून कोकणात चराईला जाणार, असं ठरलं. मामा हो म्हणाले, कारण सून शिकलेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मेंढरं एकसष्ट आणि पट्टे एकसष्ट. पण त्यातला एक मेंढा बिरोबाला सोडलेला. त्याची लोकर कातरायची नाही, त्याला विकायचं नाही, त्याच्या गळ्यात देवाच्या घुंगरांशिवाय काही घालायचं नाही. माझ्या सासूबाई, गजराआत्या, रामनाथला आडव्याच आल्या. "देवाच्या मेंढ्याला परक्या मुलखाचा पट्टा? हात तर लावून बघ!" रामनाथ घाबरला, पण "मागनं तुमीच घाला" म्हणत पट्टा माझ्या हातात देऊन मोजणीत एकसष्ट लिहूनच गेला. उरलेला पट्टा मी पालाच्या खुंटीला अडकवला आणि विसरून गेले.

पंधरा दिवसांनी रामनाथ धापा टाकत आला. "वैनी, एकसष्ट नंबर हलत न्हाई. अंगाला ऊब न्हाई. तिकडच्या हापिसात लाल दिवा लागलाय. मेलं का काय त्ये?"

"जरा मलूल हाय," मी म्हणाले.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण मोजणी चुकली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, असं त्यानं बजावलं होतं आणि दिवाळी तोंडावर आली होती. तो गेल्यावर आम्ही डोकं खाजवत बसलो. कुत्र्याला पट्टा घालावा तर ते रेघेबाहेर हुंदडणार. घोडीच्या मानेला तो पुरेना. एका मेंढीला दोन पट्टे घातले तर आंधळ्यालाही दिसले असते.

"आण हिकडं," मामा म्हणाले. "मी तरी मेंढरं सोडून कुटं जातोय? चार दिसाचा तर सवाल."

त्यांनी पट्टा गळ्यात घातला, वर उपरणं गुंडाळलं. खट्‌ असा आवाज झाला आणि मला आठवलं. पट्ट्याला कुलूप होतं. मेंढरं चोरीला जाऊ नयेत म्हणून किल्ली पुण्याच्या हापिसात, आणि पट्टा कापला तर तिकडं घंटा वाजते.

पाहुणे दिवाळीआधी आले नाहीत, दिवाळीनंतरही नाहीत. चहाच्या हॉटेलातल्या टीव्हीवर हिंदीत सांगत होते, की आयातकरावरून दोन्ही देशांची बोलणी अडली आहेत, पण मैत्री भक्कम आहे. मैत्रीला काय धाड भरलीय! इथं गायरानात गवताची काडी उरली नव्हती. हौशीरामची मेंढरं कोकणात गेली, भिकाची गेली. घोडी लादून, वर कोंबड्या बांधून जाताना भिका रस्त्यावरून ओरडला, "राघूदा, औंदा हितंच मुक्काम का?"

मामांनी लांबूनच हात हलवला. रस्ता रेघेच्या पलीकडं होता.

पट्टा घातल्याच्या दुसऱ्या दिवशी ते विसरून ओढ्याकडं निघाले, तेव्हा गळ्यात शिट्टी वाजली. मामांना हसू आलं. पुढच्या पावलाला झटका बसला आणि एवढा उंचापुरा माणूस गुडघ्यावर आला. मेंढरांना रेघ शिकायला आठ दिवस लागले. मामा दोन झटक्यांत शिकले. पट्टा उन्हावर चार्ज होतो, म्हणून रोज सकाळी ते मान वर करून उन्हात बसायचे. आत्या तेव्हा पाठ फिरवून भाकरी थापायच्या. मी रामनाथला खरं सांगते म्हटलं की मामा उसळायचे. "सही तुजी हाय, पोरी. खोटी माहिती दिली म्हून तुला कोर्टात हुबी करत्याल. मी हाय तसा बरा हाय."

मग एका संध्याकाळी खरंच बिबट्या आला. सगळे पट्टे एकदम कोकलले. मेंढरं पळाली ती रेघेपर्यंत, तिथं झटका खाऊन माघारी फिरली, थेट बिबट्याच्या पुढ्यात. दोन मेंढ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी रामनाथचा फोन आला, की अलार्म वेळेवर वाजला म्हणून तिकडचे साहेब खूश आहेत. रेघ थोडी लांब सरकव म्हणून मी त्याच्या विनवण्या केल्या. "वैनी, मला रेघ दिसती, पुसता येत न्हाई," तो म्हणाला. त्याचाही आवाज पडला होता. उसाचं वाढं आणून टाकत होतो, पण गाभण मेंढ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. आणखी महिनाभर इथं राहिलो तर त्यांच्या कोकरांना दूध मिळणार नव्हतं.

मार्गशीर्षात अखेर गाड्या आल्या. गायरानात मांडव पडला, दोन देशांचे दोन झेंडे लागले. मित्रदेशाच्या मोठ्या बाई आल्या, सोबत दुभाषा. बाई स्वभावानं चांगल्या होत्या, आत्यांना वाकून नमस्कार केला. मग हातातल्या मोठ्या मोबाइलसारख्या पाटीवर बघत त्या बोलल्या आणि दुभाष्यानं मराठीत सांगितलं.

"एकसष्ट नंबर हा या सहकार्याचा मानकरी आहे. तो आजारी होता, ते पट्ट्यामुळं वेळीच कळलं आणि तो बरा झाला. बरा झाल्यावरचे पहिले दोन दिवस सोडले तर त्यानं एकदाही रेघ ओलांडायचा प्रयत्न केला नाही. सगळ्या कळपात इतकं शिस्तीचं जनावर दुसरं नाही. बाईंना त्याच्याबरोबर फोटो काढायचा आहे."

टाळ्या वाजल्या. रामनाथ मेंढरांत घुसून एकेका गळ्यातला नंबर वाचायला लागला. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामा पुढं झाले.

"त्येंच्यात काय हुडकतूस?" ते रामनाथला म्हणाले आणि त्यांनी उपरणं सोडलं. "एकसष्ट नंबर म्या हाय."

टाळ्या थांबल्या. मामांच्या मानेला पट्ट्याचा काळा वळ पडला होता. बाईंनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी स्वतः किल्ली मागवली, स्वतःच्या हातानं कुलूप काढलं, माफी मागितली. मला कोणी कोर्टात नेलं नाही. कोणी साधं रागावलंसुद्धा नाही.

"आन् मेंढरांचे पट्टे?" मी विचारलं.

दुभाषा बराच वेळ बाईंशी बोलला. मग म्हणाला, "माणूस करारात नाही, म्हणून त्यांचा नंबर यादीतून काढला. मेंढरं करारात आहेत. प्रकल्प यशस्वी झाला, म्हणून आज सकाळीच दिल्लीत त्याला एक वर्षाची मुदत वाढवून दिली."

गाड्या गेल्या. मी मांडवाच्या खांबाला धरून रडले. आत्यांनी मला पोटाशी घेतलं.

तेवढ्यात देवाचा मेंढा घुंगरं वाजवत ओढा ओलांडून पलीकडं गेला. तिकडं बांधावर थोडं हिरवं होतं. मेंढरं रेघेशी ओळीनं उभी राहून त्याच्याकडं बघत ओरडायला लागली. त्याला वळवायला मामा काठी घेऊन निघाले. ओढ्याच्या अलीकडं आले आणि थांबले.

"मामा, जावा की," मी म्हणाले. "पट्टा न्हाई आता तुमच्या गळ्यात."

"व्हय की," मामा म्हणाले. त्यांनी गळ्यावरून हात फिरवला, एक पाय उचलला आणि होता तिथंच परत ठेवला.