तांडेलाची जॉयस्टिक

कंपनीने मोडीत काढलेला कॉम्प्युटर आत्मारामने रिक्षात घालून घरी आणला, तेव्हा सालवडच्या त्या चाळीत नुसती जत्रा भरली होती. आत्माराम तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर. कॉम्प्युटर शिकलास तर एसीत बसायला मिळेल, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. अठ्ठ्याण्णव साल ते. तेव्हा जो तो हेच सांगत सुटला होता. आत्मारामचं शिकणं राहिलं बाजूला. त्या यंत्रासमोर खरा बसला तो त्याचा सासरा, आणि बसला तो असा की घर सोडून निघायच्या तयारीलाच लागला.

सासरा म्हणजे एडवणचे दादू तांडेल. उभा जन्म होडीच्या सुकाणूवर काढलेला माणूस. बायको, काशीबाई, वारली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची होडी एडवणच्या खाडीच्या तोंडाशी खडकावर चढली. माणसं वाचली, होडीलाही फारसं काही झालं नाही, पण दादूंनी ती विकून टाकली. का विकली ते कोणाला सांगितलं नाही. मग शालूने, त्यांच्या एकुलत्या एका लेकीने, त्यांना सालवडला आणलं. लेकीच्या घरी बाप म्हणजे दोन दिवसांचा पाहुणा, ही त्यांच्यातली रीत. ती मोडून दादू आले खरे, पण राहिले पाहुण्यासारखेच. भिंतीला पाठ लावून बसायचं, विचारलं तर "बरा हाय" म्हणायचं, की झालं. ज्या माणसाची हाक भरसमुद्रात दुसऱ्या होडीवर ऐकू जायची, तो माणूस घरात असल्याची चाहूलसुद्धा लागेना. शालूचा जीव तुटायचा. बापाला जेवू घालता येतं, बोलतं कसं करायचं?

बोईसर स्टेशनजवळ कृष्णकांतचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याने आत्मारामला एका खेळाची सीडी दिली. होडीची शर्यत. निळं पाणी, मधून मधून काळे खडक, आणि त्यांतून वाट काढत पळणारी एक लाल होडी. माउस हलवायचा, तशी होडी वळायची. आत्मारामने खेळ सुरू केला आणि पहिल्याच खडकावर होडी आपटली, तशी भिंतीकडून आवाज आला.

"अरे, कुठं चालवलंस तिला?"

शालू पोळपाटावरून तशीच उठून आली. दादू चक्क उठून पडद्याजवळ आले होते.

"तुमी बसा मामा," आत्माराम खुर्ची सोडत म्हणाला. "तांडेल तुमी, का मी?"

दादू बसले. माउसवर हात ठेवला. आणि लाल होडी सुटली ती सरळ खडकावर. पुन्हा सुटली, पुन्हा खडकावर. खडक डावीकडे असो की उजवीकडे, होडी त्याच्याकडे अशी धाव घ्यायची, जशी काही माहेराला निघाली आहे. आत्माराम शहाणा माणूस. त्याने लगेच माउसवर खापर फोडलं. माउस उलटा केला, पोटातली गोळी काढून लुंगीला पुसली आणि निदान केलं, "मामा, तुमचा दोष नाय. ही गोळी टेबलावरच्या रेक्झिनवर घसरते. माउसपॅड पायजे."

माउसपॅड तर माउसपॅड. दुसऱ्या दिवशी शालू बापाला घेऊन बोईसरला गेली. दादू यायला तयार झाले, याचाच तिला इतका आनंद झाला होता की तिने ठेवणीतलं लुगडं नेसायचं तेवढं बाकी ठेवलं.

कृष्णकांत केळव्याच्या वाडीवाल्यांतला. घरी नारळी-पोफळी सोडून हा इथे तारांच्या जंजाळात बसलेला, पण माणूस गोड. त्याने पॅडांची चवडच पुढे टाकली. पहिल्यावर गणपती. दादूंनी हात मागे घेतला. "देवावर हात घासू?" दुसऱ्यावर मोटारगाडी, तिसऱ्यावर कुठलीशी गोरी बाई, ती शालूनेच घाईघाईने खाली सरकवली. मग निघाला समुद्र. निळाशार, वर पांढरी लाट. शालूला वाटलं, झालं काम. दादूंनी तो पॅड दोन्ही हातांनी उचलला, डोळ्यांना लावला आणि परत ठेवून दिला.

"काका, आवडला ना?" कृष्णकांतने विचारलं.

"आवडला. पण त्याच्या पोटावरून गोळी नाय फिरवायची," दादू म्हणाले. वर्षातून एकदा ज्याला नारळ देतात, त्याच्यावर मनगट टेकून बसायचं हे काही त्यांना पटेना.

शेवटी एक बिनचित्राचा काळा पॅड पसंत पडला. दादूंनी तो अंगठ्याने दाबून पाहिला, उलटून खालचं रबर पाहिलं, काचेवर सरकवून पाहिला. मासा बघून घ्यावा तसा पॅड बघून घेतला. शालू बाजूला उभी राहून बापाचं ते निवडणं डोळे भरून बघत होती. किती महिन्यांनी त्यांनी कशाला तरी नाही म्हटलं होतं!

पण घरी आल्यावर होडी खडकावरच. पॅड गुळगुळीत, गोळी स्वच्छ, माउस लोण्यासारखा सरकत होता आणि होडी आणखीनच गुळगुळीतपणे खडकावर जात होती. दादू खेळत राहिले. मग एकाएकी थांबले. आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. आणि उठून भिंतीशी गेले ते आपली पिशवी काढून कपडे भरायला लागले.

"आइतवारी एडवणला जातंय मी," एवढंच म्हणाले.

शालूने विनवलं, रागावली, रडलीसुद्धा. तिला काही सांगेनात. आत्मारामला मात्र बाहेर ओट्यावर सांगितलं. म्हणाले, "आत्माराम, माझा डोका चाललाय. माझा बाप पण असाच गेला. शेवटी घराचा दार म्हणून भिंत ढकलत होता. मला एका बाजूला जायचा असतंय आन हात दुसरीकडं नेतंय. होडी पण तशीच घातली मी खडकावर. पोरीला माझा तसला म्हातारपण नको दाखवूस. तिकडं गेलो म्हणजे जो काय व्हायचा तो होईल."

आत्मारामच्या पोटात काही राहत नाही. त्याने ते तसंच्या तसं शालूला सांगितलं.

ऐकून शालू पार खचली. बाप रिकाम्या घरात एकटा, आणि डोकं जाण्याची वाट बघत बसलेला! देवाधर्माचं तिला सुचलं नाही, डॉक्टरचंही नाही. तिला सुचला कृष्णकांत. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ती तडक दुकानात गेली आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडे चांगल्यातलं काय असेल ते दाखवा. हाताला चुकू न देणारं."

असली वस्तू कोणाच्या दुकानात मिळते? पण कृष्णकांत हसला नाही. त्याने आधी मोटारीच्या स्टिअरिंगसारखं चाक दाखवलं, टेबलाला आवळून बसवायचं. शालूने मान हलवली. बाबांनी जन्मात कधी चाक धरलं नव्हतं. दुसरा माउस दाखवला, मोठा, पंजाभर. तोही नको. मग त्याने खोक्यातून एक काळी वस्तू काढली. जड बैठक, आणि तिच्यातून वर आलेला मुठीत मावेल असा दांडा.

"ही जॉयस्टिक. वापरून बघा, नाही जमली तर परत आणा."

शालूने दांडा मुठीत धरला. वस्तू धरण्यासारखी होती. बाबांच्या हाताला असं काहीतरी लागतं, एवढं तिला कळत होतं. त्यापुढचं तिला कुठून ठाऊक असणार? पोरींना होडीवर नेत नाहीत. समुद्रकाठी जन्म गेला, पण ती होडीत बसली नव्हती की बापाला होडी हाकताना तिने कधी जवळून पाहिलं नव्हतं. किनाऱ्यावरून दिसायचं ते फक्त बाबांचं डोकं.

दादू दांड्याला हात लावायलाच तयार नव्हते. शेवटी लेकीच्या तोंडाकडे बघून खुर्चीत बसले. दांडा मुठीत आला आणि त्यांचा खांदा आपोआप खाली उतरला, पाठ सरळ झाली. शालूला वाटलं, आता जमणार. खडक आला. दादूंनी क्षणाचाही विचार न करता दांडा ढकलला, आणि होडी खडकावर फुटली. पुन्हा खडक, पुन्हा तेच. दादूंनी हात काढून घेतला.

"बघितलंस?" ते हळूच म्हणाले. "बस झाला पोरी."

पण शालूने खरोखरच बघितलं होतं. होडीकडे नव्हे, हाताकडे. तो हात चाचपडत नव्हता. ज्याचं डोकं गेलं आहे तो कधी डावीकडे चुकेल, कधी उजवीकडे, मध्येच एखाद्या वेळी बरोबरही येईल. हा हात एकदाही बरोबर आला नव्हता. दर वेळी नेमका उलटा, दर वेळी ठाम. इतकं पक्कं चुकायला डोकं ठिकाणावरच असावं लागतं.

ती धावत जाऊन लाटणं घेऊन आली. पिठाचंच होतं.

"बाबा, हे धरा. एडवणच्या खाडीत शिरताय. खडक उजव्या हाताला हाय. काय करता?"

"काय येड्यासारखा..."

"माझ्यासाठी. करून दाखवा."

दादू पाटावर बसले. लाटणं मागे काखेजवळ धरलं, तोंड समोर, डोळे दूर कुठेतरी. आणि लाटणं उजवीकडे सारलं.

"खडक उजवीकडं, आन तुमी दांडा पण उजवीकडंच?" शालूचा आवाज चिरकला.

"मंग? सुकाणूचा दांडा उजवीकडं सारला म्हणजे होडीचा तोंड डावीकडं जातंय. शेंबडा पोर पण जाणतंय ते." आणि बोलता बोलता दादू थांबले. हातातल्या लाटण्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या काळ्या दांड्याकडे.

त्यांचा हात जन्मभर जे करत आला, तेच करत होता. हे यंत्र बनवणाऱ्याने सुकाणू कधी धरलं नव्हतं, एवढाच काय तो घोटाळा.

शालूने दोन्ही हातांनी जॉयस्टिक उचलली, अख्खी उलटी फिरवली, पुढची बाजू मागे करून पॅडवर घट्ट ठेवली. "आता बसा."

"आन वेग?"

"इंजिन मी बघतंय." तिने कीबोर्डच्या बटणावर बोट ठेवलं.

खडक आला. दादूंचा हात हलला. लाल होडी खडकाला खेटून अशी अलगद निघून गेली की शालूच्या तोंडून आवाज फुटला. दुसरा खडक गेला, तिसरा गेला. "हळू घे, हळू," दादू ओरडले. "आता सोड! सोड तिला!" त्यांचा आवाज चाळभर गेला. शेजारची प्रेमला काय झालं म्हणून दारात येऊन उभी राहिली आणि आतला प्रकार बघून आल्या पावली परत गेली.

शर्यत कधी संपली ते दोघांनाही कळलं नाही. दादू दांडा धरूनच बसले होते.

"शालू, म्हणजे माझा डोका..."

"ठीक हाय, बाबा. तुमचा डोका ठीक हाय."

"आन ती खडकावर घातली ती?"

"त्या दिवशी धुकं होता. तुमच्या होडीवरच्या देवूला पण नाय दिसला खडक, त्यानेच सांगितला मला. खडकावर तर कोणाची पण होडी चढते, बाबा. तुमची चढली."

दादूंनी मान डोलावली. किती तरी वेळ डोलावत राहिले. शालूला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं, पण त्यांच्या घरात बापाच्या गळ्यात कोणी पडत नसे, म्हणून तिने त्यांच्या सदऱ्याला लागलेलं पीठ झटकलं, मग उगाचच पुन्हा झटकलं.

"मंग एक इचारू?" दादू संकोचून म्हणाले.

"इचारा ना."

"तू इथल्या बाजारातून बोंबील आणतेस. ते शिळे असतात का गं?"

ड्यूटीवरून आत्माराम दुपारी यायचा, त्यानंतर ती बाजारात जायची. तोवर ताजे बोंबील कोणासाठी थांबणार?

"असतात, बाबा. पण तुमी कधी बोलला नाय ते!"

"कसा बोलणार?" दादू म्हणाले. "मला वाटला, जीभ पण गेली माझी."