हात जोडले ते मलाच

मी लुकलुकता दिवा बोलतोय. देवापुढचा नव्हे, मांडवातला तर नव्हेच. डिचोलीतल्या एका छोट्या संशोधनाच्या खोलीत लांब दांडीवर माझी चौकोनी काच बसवलेली होती. धडधाकट माणसांच्या डोळ्यांपुढे लुकलुकायचं, आणि त्यांच्या मेंदूत उठणाऱ्या लहरी काय करतात ते डॉक्टरांना पाहू द्यायचं, हे माझं काम.

पहिल्याच दिवशी माझं बिनसलं. खोलीचं उद्घाटन होतं. टेबलावर पितळी समई लावली होती. सगळ्यांनी तिला भक्तिभावानं हात जोडले. मग डॉक्टर गुरुदासांनी माझं बटण दाबलं, तर त्याच माणसांनी तेच हात डोळ्यांवर धरले. पुढे समई कपाटावर जाऊन बसली आणि तिथून माझ्या नाकावर टिच्चून चमकत राहिली.

जळफळाट झाला माझा. कशाला लपवू?

तिला येतं काय? वाऱ्यानं डुलायचं. माझं बघा. माणूस डोक्यावर तारांची टोपी घालून, डोळे मिटून स्वस्थ बसतो. मी सेकंदाला दहादा लुकलुकलो की त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहरी माझ्या ठेक्यावर चालू लागतात. सगळ्यांच्या सारख्या नाहीत. काहींच्या हट्टी असतात. धारगळच्या सुदेशच्या लहरींनी मात्र माझा ताल अगदी पक्का धरला. मला वाटलं, हा तरी दोन शब्द बोलेल. तो उठला, "सुटलों एकदाचो!" म्हणाला, आणि जाता जाता समईला नमस्कार करून गेला. न पेटलेल्या समईला!

मग एके दिवशी मये गावच्या पद्मावतीबाई आल्या. यंत्र सांभाळणाऱ्या सिद्धीनं त्यांना टोपी घातली, खोलीतला उजेड कमी केला आणि मला लावलं. मिटल्या पापण्यांवर माझा उजेड पडायचा अवकाश, बाईंचे दोन्ही हात वर आले, छातीशी जुळले, मान खाली झाली. तिन्हीसांजेला घरात दिवा लागला की होतं ना, अगदी तसं.

पडद्यावर रेघांचा नुसता गुंता झाला.

"मावशे, हात हलवू नाका! सगळ्यो रेघो बिघडल्यो," सिद्धी ओरडली.

"दिवो लागलो न्हय गो बाय. हात आपोआप जोडले."

"ह्या दिव्याक कोण हात जोडता?"

"दिवो तो दिवो," बाई शांतपणे म्हणाल्या.

ठेका चुकवायची मला मुभा नाही, नाहीतर त्या क्षणी नक्की चुकलो असतो. मी तोऱ्यात कपाटाकडे पाहिलं. बघितलंस ना, बये?

डॉक्टरांनी पुन्हा सुरुवात करायला लावली. या खेपेला बाईंनी हात मांडीवर दाबून ठेवले. लहरी माझ्यामागे सुरेख चालल्या, डॉक्टर खूश झाले. आणि आधीचा तो गुंता सिद्धीनं एका बोटानं पुसून टाकला. जन्मात मला मिळालेला एकुलता एक नमस्कार, बिघाड म्हणून गेला.

आता नवा दिवा आलाय. चपटा, गोरागोमटा, डोळ्यांना म्हणे कमी त्रास देणारा. त्याच्या स्वागताला समई खाली उतरली, परत वर गेली. मलाही तिच्याशेजारीच ठेवलंय. दोघांवर सारखीच धूळ बसते. तिच्याशी माझं भांडण मिटलं आहे. खरं तर आता तिच्यावर जळायला वेळच नाही.

कारण सिद्धी कालच फोनवर सांगत होती, पद्मावतीबाईंना दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा बोलावलंय. नव्या दिव्यासमोर बसायला.

तुमच्यापैकी कुणी मयेकडचे असाल तर त्यांना माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, मावशे, हात मांडीवरून उचलू नका. रेघा बिघडतात, डॉक्टर चिडतात. अगदीच राहवलं नाही तर समईला जोडा, माझी ना नाही. पण त्या कालच्या पोराला नको. इथून सगळं दिसतं मला.