शनिवारचा वर्ग

शर्मिलाताई भिंगारदिवे शाळेच्या ऑफिसातून रिटायर झाल्या, त्याच वर्षी आमच्या पुण्यातल्या लूथरन चर्चच्या मंडळीला पूर्णवेळ पाळक, म्हणजे धर्मगुरू, मिळेनासा झाला. तीन चर्चना मिळून एकच पाळक, ते महिन्यातून एका रविवारी येणार, बाकीचे रविवार मंडळीनं आपले आपण सांभाळायचे, असं पत्र आलं.

चर्चच्या पंचकमिटीत पत्र वाचून झालं. मग एकजण म्हणाला, "उपासना चालवणारी माणसं आपणच तयार केली पाहिजेत. पूर्वी उजागरे पाळक शनिवारी वर्ग घ्यायचे, तसा वर्ग. शर्मिलाताई, तुम्ही होतात ना त्यात?"

"होते," ताई म्हणाल्या. "आणि त्यातून पळूनही गेले होते. तेवढं मिनिट्समध्ये लिहून ठेवा."

सगळे हसले आणि वर्ग ताईंच्याच गळ्यात पडला.

त्या घरी आल्या त्या अठ्ठ्याऐंशी साल आठवतच. चर्चमागची खोली, पाचजण, सायक्लोस्टाइलचे कागद आणि बोटांना लागलेली काळी शाई. यज्ञेश्वर उजागरे पाळक तेव्हा पन्नाशीत होते. महिन्यातून एकदा ते सगळ्यांना सायकलींवर खडकवासल्याला न्यायचे. पाण्याच्या काठी स्वतः लांब जाऊन उभे राहायचे आणि तिथून ओरडायचे, "वाच! मला ऐकू आलं, तर शेवटच्या बाकावरच्या आजीला ऐकू येईल." वाऱ्यात घसा फाडून वाचायचं आणि मग भाजलेलं कणीस खायचं. खडकीच्या कारखान्यात हेल्पर असलेला कोंडीराम सगळ्यांत मोठ्यानं वाचायचा, कारण तो वाचत नसायचाच. ऐकून ऐकून पाठ केलेलं म्हणायचा.

आणि मग तो रविवार. बावीस वर्षांच्या शर्मिलाचा पहिला उपदेश. बायबलमधलं वचन वाचून झालं, तिनं मान वर केली आणि डोक्यात काही म्हणता काही उरलं नाही. मंडळी वाट बघत राहिली. ती व्यासपीठावरून उतरली, मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली आणि सायकल घेऊन थेट घरी. पुन्हा वर्गाला गेली नाही. पुढं तीस वर्षं संडेस्कूलची मुलं सांभाळली, पण मोठ्यांसमोर कधी उभी राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी ताई धायरीला गेल्या. उजागरे पाळक आता सत्त्याऐंशी वर्षांचे, मुलाकडे राहत होते.

"पाळकसाहेब, मला वर्ग घ्यायला सांगितलाय. कुठल्या तोंडानं घेऊ? त्या रविवारी मी..."

"कुठल्या रविवारी?"

ताईंनी सगळं सांगितलं. पाळकांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला आणि मान हलवली. "नाही आठवत. मला वेगळंच आठवतं. वर्ग सुटला की तू कोंडीरामला घेऊन बसायचीस. बाराखडीपासून. वर्ग सोडलास, तरी तेवढ्यासाठी यायचीस."

"ते काय, अर्धा तास..."

"दोन वर्षं! बत्तीस वर्षं खेड्यापाड्यांत सेवा केली त्यानं. मरेपर्यंत. वाचता येत नसतं, तर कुणी पाठवलं असतं त्याला? मी त्याला उपदेश करायला शिकवलं. वाचायला तू शिकवलंस, शर्मिला." ताई निघायला उठल्या तेव्हा ते म्हणाले, "आणि वर्गात चहा ठेव. माणसं चहाला येतात, मग राहतात."

परतताना सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये बस तासभर अडकली. ताईंची काही हरकत नव्हती. खिडकीशी बसून त्या डोळे पुसत राहिल्या.

वर्गाला सातजण आले. त्यांत खराडीला आयटीत नोकरी करणारी ऋतुजा आढाव होती.

"ताई, मी प्रेझेंटेशन करून आणू? लोकांना व्हिज्युअल जास्त कनेक्ट होतं."

"आपल्याकडे पडदा एकच आहे, ऋतुजा. तो दाराला आहे."

आणि पोपट होता. चाळिशीचा, रंगकाम करणारा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, मला घडाघडा बोलता येत न्हाय. आजारी माणसाजवळ बसायला मात्र जमतंय. त्येवढ्यावर चालतंय का?"

"इतरांना तेच जमत नाही," ताई म्हणाल्या. "बसा."

ताईंनी चहा केला, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी काढली, उपदेशाचे मुद्दे कसे काढायचे ते दाखवलं. जे स्वतःला जमलं नव्हतं ते शिकवताना सुरुवातीला त्यांची जीभ अडखळायची. पुढं पुढं नाही. सहा महिन्यांत चौघे उरले, पण ते चौघे आळीपाळीनं रविवार चालवू लागले. ऋतुजाचा उपदेश ऐकून म्हातारी माणसं म्हणाली, "इंग्रजी फार आहे, पण पोरगी मनापासून बोलते."

एप्रिलमध्ये ऋतुजानं नोकरीचा राजीनामा दिला. तिला पाळक व्हायचं होतं. चेन्नईच्या सेमिनरीत तिला प्रवेशही मिळाला होता.

त्याच संध्याकाळी तिची आई ताईंच्या दारात उभी. श्यामलाबाई. नवरा गेल्यावर शिवणकाम करून त्यांनी मुलीला इंजिनिअर केलं होतं.

"बाई, मंडळीनं तुम्हाला वर्ग घ्या म्हटलं होतं. माझी मुलगी घ्या म्हटलं नव्हतं."

"मी तिला जा म्हटलं नाही, श्यामलाबाई."

"जाऊ नको म्हणालात?"

"नाही."

"मग झालं." त्या वळल्या आणि जिना उतरून गेल्या. ताईंचं चहाचं विचारायचं राहूनच गेलं.

तीन रविवार श्यामलाबाई चर्चला आल्या नाहीत. ताईंना रात्रंदिवस खात राहिलं, की आपण एका बाईचा आधार काढून घेतला. त्या दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आल्या. चौथ्या आठवड्यात पोपट न सांगता श्यामलाबाईंकडे गेला.

पुढच्या रविवारी श्यामलाबाई उपासनेला आल्या. उपासना संपल्यावर त्या ताईंजवळ आल्या.

"तुमचा तो पोपट आला होता. दीड तास बसला. एक शब्द बोलला नाही. मीच बोलत होते, मीच रडत होते. पुण्यात जन्म गेला माझा, पण एवढं गप्प बसणारा माणूस पहिल्यांदा बघितला."

"मग?"

"मग काय? पोरीला सुती ड्रेस शिवायला घेतलेत. तिकडे उकाडा फार म्हणतात."

जूनच्या पहिल्या रविवारी तीन चर्चचे ते पाळक आले, त्यांनी ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. श्यामलाबाई पहिल्या बाकावर ताठ बसून होत्या. दोन दिवसांनी स्टेशनवर गाडी सुटेपर्यंतही तशाच. "डबा आज रात्रीच संपव, उद्या आंबेल," एवढंच मुलीला म्हणाल्या.

गाडी गेली. ताईही निरोपाला आल्या होत्या; दोघी एकाच रिक्षात बसल्या. रिक्षा बंडगार्डनला आली.

"शनिवारी किती वाजता असतो हो तुमचा वर्ग?" श्यामलाबाईंनी रस्त्याकडे बघतच विचारलं.

"चार वाजता. पण तुम्हाला..."

"मला उपदेशबिपदेश नको. आमच्या गल्लीत चार-पाच बायका आहेत, एकेकट्या. त्यांना घरी बोलवावं म्हणते. पण प्रार्थना मोठ्यानं करायची म्हटलं की माझा आवाजच निघत नाही."

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. "माझाही नव्हता निघाला," त्या म्हणाल्या. "या शनिवारी. साडेतीनलाच या, बोलू."