हुल्डाच्या गाडीचा भाता

तेलकट कामाला जाणारा माणूस आधी दाढी कशाला करेल, हा ताईचा प्रश्न मी सुरुवातीला थट्टेवारी नेला. म्हटलं, थंडीत दाढीवर बर्फ धरतो, म्हणून करत असतील दाजी. ताई म्हणाली, "मग सील मारायला जाताना नाही धरत? शनिवारीच धरतो?"

सेंट जॉन्सच्या विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकून मी नाताळात गावी परतले होते आणि ताईच्या घरी राहून खाडीवरच्या बर्फाची जाडी मोजायचं काम करत होते. मोजल्याशिवाय काही मानायचं नाही अशी सवय लागलेली. म्हणून मी दाजींकडे लक्ष ठेवू लागले. ताईचं म्हणणं खरं निघालं. शनिवारी न्याहारी झाली की मनास्से दाजी पाणी तापवत, घोटून दाढी करत, धुतलेलं जाकीट घालत आणि पान्यांची पेटी उचलून हुल्डाकडे जात.

हुल्डा म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची, बोआसची, बायको. बोआस दोन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या दुखण्यानं गेला. मागे राहिलेल्या भावजयीला लाकडं आणून द्यायची, सीलच्या मांसातला वाटा पोचवायचा, तिची गाडी चालू ठेवायची, हे आमच्याकडे मोठ्या भावाचं कामच असतं. दाजी गेले नसते तर गावानं नावं ठेवली असती. ताईची पंचाईत हीच होती. जे अख्ख्या गावाला योग्य वाटतं त्याची तक्रार करायची कोणाकडे? पहिल्या हिवाळ्यात ती स्वतः दाजींच्या हातात हुल्डासाठी मोठा पाव द्यायची. या हिवाळ्यात तो पाव आठवड्याआठवड्याला लहान होत गेला. शेवटी शेवटी तो एका माणसाला चहाबरोबर पुरेल एवढाच उरला. दाजींच्या ते लक्षात आलं नाही. हुल्डाच्या आलं असावं.

त्यात आवाजाची भर. आमचं गाव लाब्राडोरच्या किनाऱ्यावर, बाहेर जाणारा रस्ता नाही. हिवाळ्यात घरटी एक तरी स्नोमोबाइल असते आणि कोणाची गाडी कुठे निघाली हे घरात बसून कळतं. चहा पिता पिता कोणी म्हणतं, "लेवी लाकडाला निघाला," आणि लेवीच निघालेला असतो. हुल्डाची गाडी तर शेंबड्या पोरानंही ओळखली असती. निघायची झोकात, पण जिथे तिनं गळा मोकळा करायचा तिथेच अडायची आणि बाटलीत सापडलेल्या माशीसारखी गुणगुणत राहायची. तो आवाज आला की दाजींची मान सगळ्यांच्या आधी वर व्हायची. ताई खिडकीकडे बघायची नाही. ती दाजींच्या मानेकडे बघायची.

गाडी का अडते, ते दाजींनी एकदा जेवताना सांगितलं होतं. त्या दिवशी मासा चांगला झाला होता म्हणून असेल, नाहीतर घरात ते मोजकंच बोलत. आमची गाडी जड, ओझ्याची. तिच्यात ही भानगड नाही. हुल्डाची हलकी आणि चपळ, टू-स्ट्रोक. तिच्या प्रत्येक सिलिंडरमधून धूर बाहेर पडायच्या भोकावर लोखंडी पात्याची एक झडप असते. गाडी हळू असते तेव्हा पातं खाली राहतं, भोक लहान राहतं आणि गाडी जोरानं ओढते. वेग वाढला की पातं वर जायला हवं, म्हणजे धूर भराभर निघून जातो. पात्याला वर उचलतो रबराचा छोटा भाता. धुराचाच दाब त्याला फुगवतो. वर एक स्प्रिंग त्याला दाबून धरते आणि स्प्रिंग किती दाबायची ते बाहेरच्या लाल टोपीनं ठरतं. टोपी आत पिळली की पातं उशिरा उघडतं, बाहेर काढली की लवकर. भाता फाटला तर दाब निसटून जातो आणि पातं खालीच राहतं. मग धावणाऱ्या माणसाच्या तोंडावर हात धरावा तशी इंजिनाची गत होते.

दाजी दर शनिवारी भाता चिकटवत आणि आठवडाभरात तो तापून पुन्हा उकले. नवा का नाही घालत, असं ताईनं विचारलं होतं. मिळत नाही, दाजी म्हणाले. विमान येतं तेव्हा आधी पीठ आणतं.

ईस्टर जवळ आला तसे दाजी दोन दिवसांसाठी इतर पुरुषांबरोबर बर्फाच्या कडेला, जिथे उघडं पाणी लागतं तिथे, सीलसाठी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडीच्या नळीची पट्टी ढिली झाली आणि घरात धूर कोंदायला लागला. दाजींची पेटी घरीच होती. ताईनं पाना शोधायला वरचा कप्पा उचलला, तर खाली स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं एक पुडकं. आत दोन काळेभोर, कोरे भाते.

पुडकं मी लगेच ओळखलं, कारण ते मीच आणलं होतं. नाताळात गावी येताना गूज बेला विमान बदलायचं होतं. तिथल्या दुकानातून एक लहानसं पुडकं घेऊन ये, असं दाजींनी फोनवर सांगितलं होतं. माझ्याच हातात दे, असंही. मला वाटलं होतं, ताईसाठी कानातलं असेल.

हे मी ताईला सांगितलं. सांगावं की नाही याचा विचार करायला वेळच नव्हता, ती माझ्याकडेच बघत होती.

"नाताळात आणलंस?"

"हो."

ती बोटांवर शनिवार मोजू लागली. दुसऱ्या हातावर गेली आणि थांबली. मग तिनं नळीची पट्टी आवळली, हात पुसले, कोट चढवला आणि पेटी उचलली. "अमली, चल," एवढंच म्हणाली.

वाटेत मी मनाची तयारी करत होते. भांडण जुंपलं तर दोघींच्या मध्ये कसं शिरायचं, पेटीतला मोठा पाना आधी कसा काढून घ्यायचा. पण ताई हुल्डाच्या दाराकडे न जाता सरळ तिच्या छपरीकडे वळली आणि गाडीचं झाकण उघडून बसली. आवाज ऐकून हुल्डा बाहेर आली. हातात विणकाम होतं.

"जाऊबाई? भाऊजी नाही आले?"

"तो बर्फावर गेलाय. गाडी बघायला मी आलेय."

"तुम्ही?"

"का? दाढी करून यायला हवं होतं?"

हुल्डाला हसावं की नाही कळेना. मलाही कळेना. पण ताईला काम येत होतं यात शंका नव्हती. लग्नाआधी ती असल्याच गाडीवर ईस्टरला होणाऱ्या बायकांच्या शर्यतीत उतरायची आणि इंजिनाला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायची नाही. तिनं तारेची कडी काढली, लाल टोपी फिरवून सोडवली. स्प्रिंग उसळून बाहेर आली ती तिनं न बघता मुठीत धरली. आत सगळं काळ्या, चिकट तेलानं माखलेलं. ताईनं भाता काढून उजेडात धरला. त्यावर राखाडी डिंकाचे थर होते, जुना थर पिवळट, त्यावर नवा, त्यावर आणखी नवा. झाडाच्या खोडातली वर्तुळं वाचतात तसे मी ते वाचू शकले असते. ताईनं वाचलेच.

"मी म्हटलं होतं भाऊजींना, नवा मागवा," हुल्डा म्हणाली. "ते म्हणतात मिळत नाही. मला टेकडीपलीकडे बहिणीकडे जायचंय ईस्टरला. या गाडीनं टेकडी कशी चढणार? तीन हिवाळ्यांत भेट नाही."

ताई पातं घासत होती. काजळी रॉकेलमध्ये भिजवून लाकडी चिपेनं खरवडत होती, धातूवर ओरखडा येऊ नये म्हणून. मी बारीक तारेनं दाबाचं भोक मोकळं करत होते. हुल्डानं विणकामाची एक ओळ पुरी केली. मग शिष्टाचार म्हणून बोलावं तशी म्हणाली, "भाऊजी बोलतात फार. घरी पण असंच का हो?"

ताईचा हात थांबला. "काय बोलतो?"

"सगळंच. लहानपणी बोआस पाण्यात पडला होता ते. गुडघा दुखतो ते. आणि आता बर्फाची भीती वाटते ते. गेल्या वर्षी त्यांच्यासमोर कोणाची गाडी बुडाली ना, तेव्हापासून कडेला जायचं म्हटलं की आदल्या रात्री झोप नाही. तुम्हाला माहीतच असेल."

"माहीत आहे," ताई म्हणाली.

तिला माहीत नव्हतं. मी तिच्या घरात राहत होते, बर्फाची जाडी मोजायचं काम करत होते, आणि दाजींनी मलासुद्धा कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"मी आपली विणत बसते," हुल्डा पुढे म्हणाली. "मध्ये मध्ये हं म्हणते. गाडी तेच दुरुस्त करतात, ऐकायला नको का?"

मला वाटतं, ताईला याहून वाईट काही ऐकायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं. परक्या बाईला हात लावला असता तर ओरडता आलं असतं. आपला नवरा दुसऱ्या घरी जाऊन गुडघ्याबद्दल बोलतो, यावर कसं ओरडणार? तिचे कान लाल झाले होते आणि त्याला थंडी कारण नव्हती.

पातं परत बसवायची वेळ आली. त्याची एक कड तिरपी असते आणि ती ठरावीक बाजूलाच यावी लागते. उलटं बसलं तर पिस्टन त्यावर आपटतो आणि इंजिनाचा चुरा होतो. ताईनं पातं बोटांत धरून एकदा उलटं केलं. तसंच भोकासमोर धरून राहिली. हुल्डाला त्यातलं काही कळत नव्हतं, ती टाके मोजत होती. मग ताईनं ते पुन्हा फिरवलं, सुलटं बसवलं आणि मला म्हणाली, "फडकं दे."

नवे भाते चढले, कड्या बसल्या, टोप्या लागल्या. गाडी तापवून ताई खाडीवर घेऊन गेली. पहिल्या फेरीला इंजिन मध्येच अडखळलं. पातं लवकर उघडत होतं. ती परत आली आणि दोन्ही टोप्या जराशा आत पिळल्या. दुसऱ्या फेरीला अडखळणं एकाच बाजूला उरलं. तिनं डावी टोपी केसभर आणखी पिळली, कान लावला, पुन्हा गेली. तिसऱ्या फेरीला आवाज मधल्या चढावर आला आणि एकदम उघडला. खाडीवर तो घुमला तेव्हा पलीकडच्या खडकावरचे पक्षी उडाले.

हुल्डाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता टेकडी चढेल?"

"चढेल. आणि उतरेलही. पाहिजे तितके दिवस राहा."

घरी येताना मी ताईला विचारलं, पातं उलटं धरलं होतंस, ते पुन्हा सुलटं का केलंस. ती म्हणाली, "गाडी मोडली असती तर तो रोज गेला असता."

दाजी संध्याकाळी परत आले. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांनी पाणी तापवलं, दाढी केली, जाकीट घातलं. पेटी घेऊन गेले आणि चहा निवायच्या आत परत आले. हुल्डाच्या घरी चूल थंड होती. शेजारचे म्हणाले, पहाटेच टेकडीकडे गेली. दाजी उभ्याउभ्याच जाड बूट चढवू लागले. त्या गाडीनं ती अर्ध्या टेकडीवर अडकेल, मी बघून येतो, असं काहीतरी पुटपुटत होते. चेहरा खरोखरच ओढलेला होता. ताई तो चेहरा नीट बघत होती, कारण तिच्यासाठी तो तसा कधी झाला होता का, हे तिला आठवत नसावं.

"अडकणार नाही," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"भाता बदललाय. दोन्हीकडचा."

दाजींचे हात बुटाच्या नाडीवर थांबले. ते पेटीकडे वळले नाहीत, त्याची गरज नव्हती. म्हणाले, "मी घालणारच होतो."

"केव्हा?"

"शनिवारी."

"कुठल्या?"

दाजींनी एक बूट काढला. मग दुसरा काढला. ताईनं त्यांच्यासमोर चहा ठेवला, त्याच्याबरोबर पावाचा मोठा तुकडा ठेवला आणि समोर बसली. "बोल," म्हणाली.

"काय बोलू?"

"तिथे बोलतोस ते."

दाजींनी चहाकडे पाहिलं, आणि तो फार गरम आहे असं म्हणाले.

ईस्टरची पहाट झाली. चर्चच्या बँडवाल्यांनी प्रथेप्रमाणे दफनभूमीत भजनं वाजवली, थंडीनं एकाची तुतारी गोठली, लोक हसले. हुल्डा अजून बहिणीकडेच होती. शनिवार आला आणि गेला, दाजींनी दाढी केली नाही. त्यानंतरच्या एका दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. मी सहज म्हटलं की खाडीच्या तोंडाशी बर्फ या आठवड्यात पातळ झालाय. ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचे आकडे गिळले.

दाजींनी मासा मोडता मोडता मान खाली ठेवूनच सांगायला सुरुवात केली. "तिथे काळा दिसतो तो," ते म्हणाले. "मला नाही आवडत. गेल्या वर्षी त्या गाडीला..."

तेवढ्यात खाडीवरून आवाज आला. चढावर येऊन एकदम उघडणारा, भरलेला, स्वच्छ. दाजींनी मान वर केली. आमच्याकडे सगळेच करतात तशी, जराशी. त्यांनी कान दिला, कपाळाला आठ्या घातल्या.

"कोणाची ही? आपल्यातली नाही वाटत."

मी ताटात बघत राहिले. ताईनं तो आवाज घरांच्या ओळीत शिरून बंद होईपर्यंत ऐकला. डावी टोपी केसभर आत होती, ते तिला इथूनही कळत असणार.

"असेल कोणी परगावचं," ती म्हणाली आणि माशाचा मोठा तुकडा दाजींच्या ताटात ठेवला. "तू बर्फाचं काय सांगत होतास?"