गंगाधरच्या पायाशी टेपरेकॉर्डर

आमच्या तिघांच्या जॅझचे सगळे कार्यक्रम गंगाधरने टेप केले आणि सगळे बिघडवले. टेपरेकॉर्डर तो स्वतःच्या पायाशी ठेवायचा. त्यामुळे देवळालीच्या क्लबातल्या त्या कॅसेटवर त्याचा डबल बेस गडगडतो आणि माझा पियानो शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटतो.

गंगाधर गेल्या वर्षी गेला. त्याची नात इरा आता त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवतेय. काल ती लॅपटॉप घेऊन नाशिक रोडला माझ्या घरी आली.

"हल्ली प्रत्येक वाद्य वेगळं करता येतं म्हणे," मी म्हणाले. "माझा पियानो तेवढा वाढव."

"आधी ऐका तर, इंदूआजी. तुमचा सोलो येतोय."

"बघ, माझी पाळी आली की हे दोघं कसे ढेपाळतात! होमीचे ड्रम तर जवळजवळ बंदच. यावरून गंगाधरशी मी कितीदा भांडले. नुसता हसायचा."

इराने थोडं मागे नेऊन आवाज वाढवला. सोलोच्या जरा आधी, बेसच्या घुमण्यातून, अगदी टेपजवळून गंगाधर कुजबुजला, "होमी, हळू. तिचं नीट ऐकू येऊ दे."

तिने लॅपटॉपवर दुसऱ्या कॅसेटचं रेकॉर्डिंग लावलं, मग तिसऱ्या. माझ्या सोलोआधी दर वेळी तेच.

मी चष्मा काढून पुसला.

"इरा, तो पियानो जरा कमी कर," मी म्हणाले. "त्याचं नीट ऐकू येऊ दे."