पट्टीने बांधलेलं तोंड

मी एक जुना गिझर आहे आणि मला राग आलेला आहे. गोष्ट संपेपर्यंत तो निवळेल अशी आशा ठेवू नका, मित्रांनो. पिरंगुटला भिवाजींच्या घरामागे, शेळ्यांच्या गोठ्याला टेकून मी आडवा पडलो आहे. माझ्या पाठीवर कोंबड्या बसतात. त्यांच्यावर माझा राग नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझं पोट केलं आणि आत पाणी तापवणारी कांडी बसवली. सगळ्यात शेवटी माझ्या खालच्या नळीवर एक लहानशी पितळी झडप लावली. लावणारा कामगार शेजारच्याला म्हणाला, "ही याची नाकपुडी. ही बुजली तर हा फुटणार." पाणी तापलं की फुगतं. फुगलेल्या पाण्याचा दाब वाढला की झडप थोडं पाणी बाहेर सोडते आणि मी वाचतो. माझ्याखाली आंघोळ करणाराही वाचतो.

भिवाजींनी मला न्हाणीघरात टांगलं तेव्हा त्यांची लेक वैष्णवी शाळेत जात होती. त्यांच्या बायकोची, रत्नाबाईंची, चुलीपुढची फुंकर सुटली. शेजारणी आल्या की त्या नळ सोडून दाखवायच्या. हिवाळ्यात मुळशीकडून गार वारा सुटला की घरात माझ्या नावाने नंबर लागायचे. ते दिवस चांगले होते.

मग भिवाजींनी वर खोल्या बांधल्या आणि गावाजवळच्या कारखान्यांतल्या कामगारांना भाड्याने दिल्या. गच्चीवरची टाकी त्या खोल्यांच्या अगदी डोक्यावर, उंची कमी, म्हणून वरच्या नळांना पाण्याची बारीक धार यायची. भाडेकरू कुरकुरले. भिवाजींनी गच्चीवर दाबाने पाणी ढकलणारा पंप बसवला. वर धो धो पाणी आलं. पण साऱ्या घराचा पाइप एकच होता, त्यामुळे तोच दाब माझ्या पोटातही शिरला.

त्याच दिवसापासून माझी झडप गळू लागली. ती बिघडली नव्हती. जे करायला तिला बसवलं होतं, तेच ती करत होती.

पण कुणी विचारलंच नाही की हे आजच का सुरू झालं. रत्नाबाईंनी खाली बादली ठेवली आणि म्हाताऱ्याला लाळ सुटली असं म्हणून हसल्या. भिवाजींनी सुतळी गुंडाळून पाहिली. मग झडपेला रबरी नळी लावून तिचं टोक मोरीत सोडलं. तरी पाणी वाया जातं, हे त्यांच्या डोळ्यांत खुपत राहिलं. एके दिवशी ते स्टुलावर चढले. त्यांनी ती नळी दुमडली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून करकचून बांधली. गळणं थांबलं. ते खाली उतरले आणि हात पुसत चहाला गेले.

वैष्णवी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतिणीला कधीही गरम पाणी लागतं, म्हणून माझं बटण दिवसभर चालूच असायचं. पाणी पुरेसं तापल्यावर वीज तोडणारा माझ्यातला भाग वयाने सुस्त झाला होता. वरून पंपाचा दाब, आत उकळी, आणि तोंड बांधलेलं. माझ्या पत्र्याचे सांधे करकरत होते. ओरडायला मला ते बांधलेलं तोंड एवढी एकच जागा होती.

बाळाला न्हाऊ घालायला वस्तीवरून तुकाबाई यायच्या. त्या सकाळी त्या पाय पसरून माझ्याखाली बसल्या होत्या. बाळ त्यांच्या नडग्यांवर तेलाने चमकत होतं. रत्नाबाईंनी नळ सोडला आणि पाण्याऐवजी वाफेचा फवारा उडाला. तुकाबाई बाळावर ओणव्या झाल्या. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बाळाला थेंब लागला नाही.

वैष्णवी धावत आली. तिने आधी बटण बंद केलं, मग बाळाला उचललं. तुकाबाई थंड पाण्यात हात धरून म्हणाल्या, "लेकराला न्हाऊ घालाया येते मी, उकडाया न्हाई." भिवाजींनी निकाल दिला की गिझर जुना झालाय, फुटायला आलाय, काढून टाकू. पट्टीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. मला गोठ्यापाशी आणून टाकलं तेव्हाही माझं तोंड बांधलेलंच होतं.

नवा गिझर आला, आणि तोही गळू लागला.

वैष्णवी बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन माझ्याजवळ बसली होती. भिवाजी आले, वाकले आणि माझ्या नळीवरची पट्टी सोडू लागले.

"आबा, ही कसली पट्टी?"

"नव्यालाबी लाळ सुटलीया. बांधतो."

तिने आधी पट्टीकडे पाहिलं, मग मांडीवरच्या बाळाकडे. "म्हंजे याचं तोंड तुमी बांधलं हुतं? आन् खाली माझं लेकरू?"

भिवाजींनी पाणी वाया जात होतं एवढंच सांगितलं.

"जुना गळत हुता, नवाबी गळतोय. दोघांचं दुखणं एकच कसं? आबा, वरचा पंप बंद करा."

ते गच्चीवर गेले. पंप थांबला. न्हाणीघरातलं गळणं हळूहळू कमी होत थांबलं. तिने पुन्हा चालू करायला सांगितलं आणि थेंब पुन्हा पडू लागले. ते खाली आल्यावर तिने पट्टी त्यांच्या हातातून काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी टाकीवरून खालच्या घराला पंपाशिवायचा वेगळा पाइप आला. काम अर्ध्या दिवसाचंच होतं. ते आधीही करता आलं असतं.

बारशाला पाहुणे जमले. बाळाचं नाव ओम ठेवलं. भिवाजी अंगणात सांगत होते की जुन्या गिझरने दगा दिला, थोडक्यात निभावलं. पाळण्यापासून वैष्णवी म्हणाली, "आबा, पट्टीचंबी सांगा की." तुकाबाईंनी भाजलेला हात पदराखालून बाहेर काढला आणि पाळण्याची दोरी धरली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊ भिंतीवर टांगलेला असेल. त्याची झडप गळू लागली तर तुमच्याकडे नवीन काय बसवलं, ते आधी आठवा. बटण बंद करा, जाणत्याला बोलवा, थांबा. पण तिचं तोंड बांधू नका. माझं तोंड आता मोकळं आहे. तुकाबाईंच्या हातावरचा डाग मात्र रोज सकाळी माझ्यासमोरून जातो.